'निकाली' म्हणजे नक्की काय हो, मंत्रीमहोदय?

मा. मराठी भाषा मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो. कागदोपत्री 'वाहक', पण त्या नावानं मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. त्रास देण्याचं कारण एक शब्द आहे.

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंदीसाठी आईच्या नावानं अर्ज केला. दोन महिन्यांनी पत्र आलं: 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपला संदर्भीय अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांच्या पूर्ततेअभावी निकाली काढण्यात येत आहे, याची नोंद घ्यावी.' मी तेव्हा मुलीकडे पुण्याला. शेजारच्या पोरानं अडखळत वाचलं. आईनं 'निकाली' तेवढं ऐकलं. आमच्याकडे काम निकाली काढलं म्हणजे झालं, सुटलो. तिनं देवापुढे साखर ठेवली आणि गल्लीत अर्धा किलो पेढे वाटले. वय 78.

पीककर्जासाठी सोसायटीत गेलो तेव्हा कळलं, सातबाऱ्यावर अजून वडीलच आहेत. अर्ज फेटाळला होता. मग 'फेटाळला' लिहायला शाई जास्त लागते का? कोणता कागद कमी होता, तेही पत्रात नाही. नऊ हेलपाट्यांनी समजलं, मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकली होती. नऊही वेळा वडापनं गेलो, कारण त्या वेळेला एसटीच नाही. हेही माझ्याच नशिबी. गुडघे आधीच गेलेले.

'काढण्यात येत आहे', 'कळविण्यात येते'. कोण काढतंय? कोण कळवतंय? सगळं आपोआप घडतं, पाऊस पडावा तसं. कर्ताच नाही म्हटल्यावर जाब कुणाला विचारायचा? ही भाषा चुकून अशी झालेली नाही, असं माझं मत झालंय. शंभरातल्या नव्वद जणांना अशी पत्रं कळत नसतील. मोजलंय कुणी? पण तहसीलबाहेर टेबलं टाकून बसलेल्यांना ती बरोबर कळतात. उलगडून सांगायचे ते दोनशे घेतात. अवघड शब्दावर कुणाचं तरी पोट आहे.

गाडी भरली की मी 'मागं जागा नाही, पुढं सरका' म्हणायचो. 'आसनक्षमता पूर्ण झाल्याने प्रवेश नाकारण्यात येत आहे' म्हटलं असतं तर सांगोल्याच्या आठवडी बाजारच्या दिवशी लोकांनी मलाच खाली उतरवलं असतं.

भाषा संचालनालय 1960 चं, राजभाषा कायदा 1964 चा, वेगळा मराठी भाषा विभाग 2010 पासून. 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जाही मिळाला, आनंद आहे. तलाठ्याचं 'ग्राम महसूल अधिकारी' केलंत. पाटी बदलली, पत्र तेच. दर 27 फेब्रुवारीला आपण मराठीच्या गोडव्यावर बोलता, आणि 28 ला टपालातून हे येतं. अमृतातेही पैजा जिंकणारी भाषा आपल्या टेबलावर पोचेपर्यंत आंबते कशी?

मागणं थोडं आहे. अर्ज नाकारला तर 'नाकारला' लिहा. कोणता कागद हवा, कुठे द्यायचा, अपील किती दिवसांत करायचं, हे वरच्या तीन ओळींत. खाली सही करणाऱ्याचं नाव, वाचता येईल असं. यासाठी कोश लागत नाही, समिती तर नकोच.

उत्तर पाठवणार असाल तर आईला एकदा वाचून कळेल असं पाठवा. 'आपले पत्र उचित कार्यवाहीस्तव संबंधितांकडे अग्रेषित करण्यात आले आहे' हे नको. ते मला पाठ आहे.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर,
सांगोला तालुका