लेफ्ट फ्री आहे, मग आम्ही जायचं कधी?

संपादक साहेब,

पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन करतात, तेव्हा गाड्या बंद असतात, पोरंटोरं रस्त्याच्या मधोमध खेळतात, मस्त वाटतं. दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

माझा खरा राग आहे तो लेफ्ट फ्रीवर, म्हणजे सिग्नल लाल असला तरी गाड्यांना डावीकडे वळायची जी मोकळीक असते तिच्यावर. समोरचा सिग्नल लाल झाला म्हणून पाऊल टाकावं तर डावीकडून स्कूटर, रिक्षा, टेम्पो अशी माळच सुरू होते, संपता संपत नाही आणि वर हॉर्न मारून आपल्यालाच दम देतात! आमच्या सोसायटीतल्या एक आजी काठी आडवी धरून क्रॉस करतात, म्हणतात हात दाखवला तर कोणी बघत नाही, काठीला मात्र सगळे घाबरतात, गाडीला ओरखडा पडेल ना. सिग्नलचं टायमिंग सेकंदाला साधारण १.२ मीटर चाल धरून काढतात म्हणे, आजींना कसं जमणार ते?

२०१७ च्या ड्रायव्हिंगच्या नियमांत पादचाऱ्यांना झेब्रा क्रॉसिंगवर आधी जाऊ द्यायचं असं स्पष्ट लिहिलंय, पण वाचलंय कोणी? चालणारेही काही कमी नाहीत, मोबाईल कानाला लावून डिव्हायडरवरून उड्या मारतात, मान्य. पण झेब्राचे पट्टेच पुसले गेलेत तर माणूस जाणार कुठून?

निदान शाळा सुटायच्या वेळी तरी गर्दीच्या चौकांत लेफ्ट फ्री बंद ठेवा आणि तिथे एक हवालदार उभा करा.

– एक पायी फिरणारा वाचक, पुणे