परदेशातील हंगामाचा करार : मुलीस पत्र

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

पोलंडच्या बास्केटबॉल क्लबचा करारनामा मिळाला आणि सावकाश वाचून काढला. तुझ्या आईला तिकडच्या थंडीची काळजी आहे, मला कलमांची. तू जाऊ नयेस असे माझे मत नाही, हे आधीच सांगतो. मात्र रकमेच्या आकड्यावर तुझी नजर जशी खिळली आहे, तशी ती रक्कम कोण देणार आणि तिच्या बदल्यात तुझ्याकडून काय घेणार, यावरही खिळावी, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

अमेरिकेत, फिनिक्समध्ये वाढलेल्या मुलीला बास्केटबॉलपटू डायना टॉरासीचा खेळ मी काय समजावणार? परंतु आपल्या शहराला ती दिसली ती केवळ उन्हाळ्यात. २००४ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत आपल्या फिनिक्सच्या मर्क्युरी संघाने तिला पहिल्या क्रमांकावर निवडले, त्यानंतर बरीच वर्षे तिचे हिवाळे मॉस्को, इस्तंबूल आणि रशियातील येकातेरिनबर्ग येथे गेले. डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतील महिलांच्या लीगचा हंगाम उन्हाळ्यात आणि युरोपचा शरद ऋतूपासून वसंतापर्यंत, त्यामुळे एका खेळाडूला दोन्ही नोकऱ्या करता येत. लोक परदेशातील खेळाला जोडधंदा म्हणत. पैशांच्या दृष्टीने पाहिले तर जोडधंदा घरचा होता. २०१५ मध्ये तिचे इकडचे वेतन सुमारे १,०७,००० डॉलर होते, तर येकातेरिनबर्गचा क्लब तिला सुमारे १५ लाख डॉलर देत असल्याच्या बातम्या होत्या. त्याच क्लबने तिला इकडचा उन्हाळी हंगाम न खेळण्याचे पैसे दिले. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती आणि बारमाही खेळाने शरीर थकते, असे तिने चाहत्यांना पत्र लिहून कळवले. आपल्याकडे अनेकांनी नाके मुरडली. मला तो निर्णय तेव्हाही शहाणपणाचा वाटला होता, कारण विश्रांतीची किंमत मोजायला तिच्या मायदेशातील लीग तयारच नव्हती.

ही विश्रांती न मिळाल्यास काय होते, ते ब्रिअना स्ट्युअर्टने भोगले आहे. २०१८ मध्ये ती डब्ल्यूएनबीएची सर्वोत्तम खेळाडू ठरली, आणि एप्रिल २०१९ मध्ये हंगेरीतील शोप्रोन येथे, रशियातील कुर्स्कच्या संघाकडून युरोलीग या युरोपातील क्लबांच्या स्पर्धेचा अंतिम सामना खेळताना तिच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. पुढचा संपूर्ण डब्ल्यूएनबीए हंगाम तिला बाहेर बसावे लागले. तुझ्या करारात दुखापतीचे कलम अवघ्या दोन ओळींचे आहे. शस्त्रक्रिया कुठे होणार, खर्च कोणाचा आणि त्या काळात वेतन चालू राहणार की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

आता पैसे देणाऱ्याविषयी. टॉरासी मॉस्कोजवळच्या विद्नोये येथील स्पार्ताक संघाकडून खेळत असताना त्या संघाने २००७ ते २०१० अशी सलग चार वर्षे युरोलीग जिंकली. हा डोलारा मुख्यत्वे शबताई काल्मानोविच या एका धनिकाच्या खिशावर उभा होता आणि नोव्हेंबर २००९ मध्ये मॉस्कोत भर रस्त्यावर त्याची गोळ्या घालून हत्या झाली. पुढे येकातेरिनबर्गच्या संघामागे खाण व धातू उद्योगातील कंपनी होती. अशा संघांचा खर्च तिकीटविक्रीतून निघत नसतो. पैसा मालकाच्या मर्जीवर येतो आणि मर्जी फिरली की आटतो. तुझ्या क्लबचा प्रायोजक कोण आहे, त्याचा करार किती वर्षांचा आहे आणि मागच्या हंगामात परदेशी खेळाडूंचे वेतन वेळेवर झाले का, हे तिथे खेळून आलेल्या एखाद्या मुलीलाच विचार. एजंट हे सांगणार नाही. त्याचे पोट सह्यांवर भरते.

इस्तंबूलचा प्रसंगही ध्यानात ठेव. २०१० च्या अखेरीस टॉरासीच्या नमुन्यात मोडाफिनिल हे बंदी असलेले उत्तेजक सापडल्याचे अंकाराच्या प्रयोगशाळेने जाहीर केले आणि तिथल्या क्लबने तिचा करार संपवला. फेब्रुवारी २०११ मध्ये प्रयोगशाळेने आपला अहवाल मागे घेतला आणि ती निर्दोष ठरली, परंतु तोवर हंगाम हातचा गेला होता. ब्रिटनी ग्रायनरचे तुला सांगायलाच नको. तीही तेव्हा आपल्याच मर्क्युरीची आणि त्याच येकातेरिनबर्गची; १७ फेब्रुवारी २०२२ रोजी सामानात गांजाचे तेल सापडल्याने मॉस्कोच्या विमानतळावर अटक, ऑगस्टमध्ये नऊ वर्षांची शिक्षा आणि ८ डिसेंबरला कैद्यांच्या अदलाबदलीत सुटका. पोलंड म्हणजे रशिया नव्हे, हे मी जाणतो. तरी सामान आवरताना डॉक्टरांच्या चिठ्ठ्या औषधांसोबतच ठेव.

काळही बदलला आहे. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील २०२० च्या करारानंतर डब्ल्यूएनबीएचे कमाल वेतन २,१५,००० डॉलरवर गेले, परदेशातून उशिरा परतणाऱ्या अनुभवी खेळाडूंवर पुढे निर्बंध आले आणि २०२५ पासून मायामीत हिवाळी लीगही सुरू झाली. ही दारे मोठ्या नावांसाठी आहेत. डब्ल्यूएनबीएच्या निवडीत नाव न लागलेल्या तुझ्यासारख्या मुलीला युरोपसारखी दुसरी वाट नाही, आणि म्हणूनच करार पक्का हवा.

दोन कलमे मात्र सहीपूर्वी लेखी मागव. पहिले दुखापतीचे. दुसरे म्हणजे वाद झाल्यास तो फिबा या जागतिक महासंघाच्या बास्केटबॉल लवादापुढे जाईल असे. हे कलम करारात असेल तरच थकलेल्या वेतनासाठी त्या लवादाकडे जाता येते, अन्यथा पोलंडच्या न्यायालयात खेटे घालावे लागतील. आकडा करपूर्व आहे की हाती पडणारा, हेही त्याच पत्रात विचारून घे. मसुदा आला की मला पाठव. शनिवारी सवडीने फोनवर बोलू.

तुझे,
बाबा