‘तिथं पगार देतात का?’ : उच्च शिक्षणमंत्र्यांना एक खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : स्वयंसेवी क्षेत्रातील नोकऱ्यांची माहिती व अनुभव पदवीच्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयातच मिळण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवतो आणि गेली अनेक वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणूनही काम पाहतो. आमच्याकडे येणारी बहुतेक मुले कोरडवाहू शेतकऱ्यांच्या आणि ऊसतोड मजुरांच्या घरांतली आहेत. पदवीनंतर काय करणार, असे विचारले की त्यांच्यापाशी तीनच उत्तरे असतात : एमपीएससी, पोलीस भरती, नाहीतर पुण्याची कंपनी. या तिन्ही वाटांबद्दल मला आदरच आहे. चौथी एक वाट त्यांच्या घरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर असते आणि ती त्यांना कुणी दाखवत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी आमचे सात दिवसांचे निवासी शिबिर ज्या गावात होते, तेथे पाणलोटाचे आणि बचत गटांचे काम करणारी एक संस्था होती. तिसऱ्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर, वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी एका गटाचे रजिस्टर पुढ्यात घेऊन बसली होती. बँकेचे पासबुक आणि गटाची कर्जखतावणी यांचा मेळ सहा महिने बसत नव्हता आणि त्यावरून गटातल्या बायकांमध्ये धुसफूस सुरू होती. हिने पेन्सिलीने एकेक हप्ता टिपत रात्री साडेदहाच्या सुमारास चूक शोधली. एका सभासदाचा परतफेडीचा हप्ता बचतीच्या रकान्यात चढला होता आणि पुढची प्रत्येक बेरीज त्या चुकीवर उभी होती. संस्थेचे लेखापाल शेजारीच होते. ते म्हणाले, “सर, पदवी झाली की हिला आमच्याकडे पाठवा.” समारोपाला आलेल्या तिच्या वडिलांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी सरळ विचारले, “सर, तिथं पगार देतात, का नुसती सेवाच करायची?”

महोदय, मला त्यांना नेमके उत्तर देता आले नाही. किती पगार, कोणते पद, पीएफ कापतात का, तीन वर्षांचा प्रकल्प संपल्यावर पुढे काय, यांपैकी एकाही प्रश्नाची माहिती माझ्याकडे नव्हती आणि आमच्या प्लेसमेंट सेलकडेही नव्हती. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि एक निवासी शिबिर एवढे काम आम्ही विद्यार्थ्याकडून करून घेतो, त्याला प्रमाणपत्र देतो आणि तिथेच त्याचा हात सोडतो. त्या २४० तासांत ज्या कामाची गोडी लागली, त्यातच पोट भरता येते का, हे सांगणे आजवर कुणीच आपले काम मानलेले नाही.

आमच्या मुलांना स्वयंसेवी संस्था माहीत नाहीत असे नाही. सहलीत ती आनंदवन आणि हेमलकसा पाहून येतात, भारावतात आणि परतीच्या बसमध्ये त्याबद्दल बोलतही राहतात. पण पाहून येतात ती तीर्थक्षेत्र पाहावे तशी. तेथे आपल्यासारख्या पदवीधराला रोजचे काम असते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला स्थापन केलेली ‘बाएफ’ ही पशुपालन आणि ग्रामविकासाचे काम करणारी संस्था पशुवैद्यक आणि कृषी पदवीधरांच्या बळावर चालते. गडचिरोलीतील ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेने गावातल्या आरोग्यदूतांकरवी घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेऊन बालमृत्यू कमी करून दाखवले आणि ते संशोधन १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यामागे घरोघरच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी काटेकोरपणे ठेवणारी आणि त्या तपासणारी माणसे होती. ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातील संस्थेने २००५ पासून चालवलेल्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत गावोगाव जाऊन मुलांना एक परिच्छेद वाचायला लावणारे तरुण बऱ्याचदा त्याच जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे असतात. वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि २००९ साली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. आज अशा ग्रामसभांना बांबू आणि तेंदूपानांचा हिशेब ठेवणारी, व्यवस्थापन आराखडा लिहिणारी आणि नकाशा वाचणारी मुले हवी आहेत. म्हणजे बी.कॉम.च्या मुलीला लेखापालाचे काम आहे, भूगोलाच्या मुलाला नकाशांचे, मराठीच्या मुलाला अहवाल आणि प्रशिक्षण-पुस्तिका लिहिण्याचे. एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांचेच हे क्षेत्र आहे, ही समजूत आम्हा प्राध्यापकांमध्येही पक्की रुजली आहे.

पैशाचेही बोलले पाहिजे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, १ एप्रिल २०१४ पासून, ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि राज्यनिहाय पाहता हा निधी महाराष्ट्रात सर्वाधिक खर्च होत आला आहे. तो खर्ची घालणाऱ्या संस्थांना प्रस्ताव लिहिणारे, निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याची विनियोग प्रमाणपत्रे तयार करणारे, कामाचे मूल्यमापन करणारे लोक लागतात. ही कौशल्ये शिकवता येतात. तालुक्याच्या महाविद्यालयातही येतात.

मात्र या क्षेत्राचे एकतर्फी गुणगान मी करणार नाही, कारण माझ्याच एका विद्यार्थ्याचा अनुभव कडू आहे. एका संस्थेने त्याला दरमहा आठ हजार रुपये ‘मानधन’ कबूल केले, नेमणुकीचे पत्र दिले नाही, दुचाकीच्या पेट्रोलचा खर्च त्याच्याच खिशातून करवला आणि चार महिन्यांपैकी दोनच महिन्यांचे पैसे दिले. उरलेले मागितल्यावर ‘समाजकार्यात पैशाकडे पाहायचे नसते’ असे ऐकवले. तो मुलगा छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकेत परत गेला आणि आता संस्थेचे नाव काढले तरी तोंड फिरवतो. सेवेच्या नावाखाली गरिबाच्या मुलाचे श्रम फुकट घेणे हा अन्याय आहे, असे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो. ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत नाही, त्यालाच मानधनावर राबणे परवडते. पगार नीट मिळाला नाही, तर हे क्षेत्र शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरतेच उरेल आणि ज्यांच्या गावात काम चालते, ती मुले त्यात फक्त लाभार्थी म्हणून दिसतील.

आपल्या अखत्यारीतल्या काही गोष्टी मी सुचवतो. राज्यात लागू झालेल्या नव्या पदवी आराखड्यात क्षेत्र प्रकल्प, सामुदायिक सहभाग आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत. कल्पना फार चांगली आहे. प्रत्यक्षात मात्र संस्थांची यादीच हाताशी नसल्यामुळे अनेक मुले ओळखीच्या झेरॉक्स सेंटरचा किंवा दुकानाचा शिक्का मारून तास पूर्ण झाल्याचे दाखवतात. दर वेळी हा दोष मुलांचा नसतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात. ज्या संस्थांचे हिशेब वेळेवर सादर झालेले आहेत, अशांची तालुकानिहाय यादी विद्यापीठांनी त्या कार्यालयाकडून मागवून प्रत्येक महाविद्यालयाला द्यावी. सामंजस्य करार करताना प्रवासखर्च, कामाचे लेखी स्वरूप आणि मार्गदर्शकाचे नाव या अटी बंधनकारक असाव्यात. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती आहे की नाही, हेही तपासले जावे, कारण मुलीला खेड्यापाड्यांत कामाला पाठवताना पालकांच्या मनात पहिली धास्ती तीच असते.

आपल्या विभागाच्या ‘करिअर कट्टा’ उपक्रमात ‘आयएएस आपल्या भेटीला’ आणि ‘उद्योजक आपल्या भेटीला’ अशा मालिका चालतात. त्यांच्या जोडीला संस्थांसाठी एक मालिका सुरू करावी. एक विनंती आग्रहाने करतो : त्यात नामवंत संस्थापकांची व्याख्याने ठेवू नयेत. ती मुलांनी पुष्कळ ऐकली आहेत. बोलवावे ते सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या प्रकल्प समन्वयकाला आणि संस्थेच्या लेखापालाला. त्यांनी आपला पगार किती, सुरुवातीला किती होता, निधी थांबला तेव्हा घर कसे चालवले, लग्न ठरताना सासरच्यांना काय सांगितले, हे मुलांना सांगावे.

तिसरी गोष्ट ‘कमवा व शिका’ची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी घालून दिलेल्या या वाटेवर आज मुले महाविद्यालयाच्या बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात तास भरतात. तेच तास जवळच्या विश्वासार्ह संस्थेत भरण्याची मुभा द्यावी आणि त्याचा मोबदला योजनेतूनच मिळावा. लहान संस्थेवर बोजा पडणार नाही आणि मुलाच्या हाती पदवीबरोबर कामाच्या अनुभवाचे पत्र येईल.

त्या विद्यार्थिनीविषयी सांगायचे राहिले. पदवीनंतर मी स्वतः तिच्या वडिलांना घेऊन संस्थेच्या कार्यालयात गेलो. नेमणुकीचे पत्र, पगाराचा आकडा आणि पीएफची नोंद त्यांनी डोळ्यांनी पाहिली, मगच होकार दिला. आज ती पस्तीस बचत गटांचे हिशेब पाहते आणि धाकट्या भावाची फी भरते. पण प्रत्येक मुलासोबत असे जाणे एका प्राध्यापकाला शक्य नाही.

नवे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि ऑन जॉब ट्रेनिंगच्या जागा त्यानंतर लगेच ठरू लागतात, म्हणून यादी आणि करारांच्या अटींविषयीचे परिपत्रक मे अखेरपर्यंत निघावे, ही विनंती. यातला कोणताही भाग प्रायोगिक तत्त्वावर राबवायचा झाल्यास आमचे महाविद्यालय तयार आहे. प्राचार्यांशी माझे तसे बोलणे झालेले आहे.

आपला विश्वासू,
एक कार्यक्रम अधिकारी, राष्ट्रीय सेवा योजना