तपकीर चालते, पाइप चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी पुरवणीत जुन्या अमेरिकन कादंबऱ्यांवरचा लेख वाचला, त्यात 'द स्कार्लेट लेटर'मधल्या डिम्सडेल पाद्र्याला अमेरिकन साहित्यातला सगळ्यात मोठा ढोंगी म्हटलंय. ते काही पटलं नाही म्हणून लिहितोय, लांबलं तर खुशाल कात्री लावा.

डिम्सडेल ढोंगी आहे, मान्य. कादंबरीची नायिका हेस्टर, तिचं मूल ह्याचंच, ती बिचारी व्यभिचाराची खूण म्हणून छातीवर लाल अक्षर लावून पोरीला कडेवर घेऊन अख्ख्या बोस्टनसमोर चौथऱ्यावर उभी, आणि हा वर सज्जातून तिलाच सांगतोय की बाई, बापाचं नाव सांग. पुढे सात वर्षं तोंडातून ब्र नाही. पण तो आतून पोखरत जातो हो. उपास करतो, दार लावून स्वतःला चाबकाने मारतो, रात्री कुणी नसताना त्याच चौथऱ्यावर जाऊन उभा राहतो. चर्चमध्ये मी महापापी आहे म्हणतो तर लोक म्हणतात केवढा नम्र माणूस, आणि लोक असंच म्हणणार हेही त्याला पक्कं माहीत असतं! हॉथॉर्नने १८५० मध्ये हे लिहून ठेवलंय, कमालच आहे. पण ज्याला आपलं ढोंग रोज टोचतं तो सगळ्यात मोठा ढोंगी कसा काय?

माझं मत विचाराल तर मार्क ट्वेनचं 'हकलबेरी फिन' काढा, अमेरिकेत १८८५ ला आलेलं. सुरुवातीलाच विधवा डग्लसबाई हकला, म्हणजे गोष्टीतल्या त्या पोराला, पाइप ओढू देत नाही, घाणेरडी सवय म्हणे, आणि स्वतः मात्र तपकीर ओढते. ते चालतं, कारण ती ओढते ना! (आमची आजी रोज सकाळी मशेरी लावून आजोबांच्या विडीला शिव्या घालायची, त्यामुळे ही बाई मला लगेच ओळखीची वाटली.) हे तसं गमतीतलं. तिची बहीण मिस वॉटसन मात्र हकला उठता बसता स्वर्ग नरक शिकवते आणि घरातल्या जिम नावाच्या गुलामाला विकणार नाही असं सांगत आलेली असते, पण व्यापारी ८०० डॉलर देतो म्हटल्यावर तिला मोह आवरत नाही. जिम पळतो तो त्यामुळेच. नंतर म्हणे तिला लाज वाटली आणि मृत्युपत्रात तिने त्याला मोकळं केलं. म्हणजे स्वतःला गरज उरली नाही तेव्हा.

पण त्याहून भारी म्हणजे हकचा मित्र टॉम सॉयर, त्याची सॅली मावशी आणि तिचे यजमान सायलस. ही दोघं अगदी प्रेमळ, आल्यागेल्याला पोटभर जेवायला घालणारी. हक बोटीत स्फोट झाल्याची थाप मारतो तेव्हा मावशी काळजीने विचारते, कुणाला लागलं का? तो म्हणतो नाही, एक काळा मेला. तर ही म्हणते नशीब, कधी कधी माणसांना लागतं! आणि सायलस, ते धर्मोपदेशक आहेत, त्यांनी पळून आलेला गुलाम म्हणून जिमला झोपडीत साखळीने बांधून ठेवलाय आणि दर एक-दोन दिवसांनी त्याच झोपडीत जाऊन त्याच्यासोबत प्रार्थना करतात. मावशी येऊन जेवण पुरतंय ना बघून जाते. जिमच सांगतो की दोघं फार चांगली आहेत. मी हे वाचताना पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो. यांना कुठेच काही खटकत नाही, झोप लागते, मन स्वच्छ. खटकतं ते उलट हकला, जिमला वाचवलं तर आपण नरकात जाणार असं त्याला खरंच वाटतं आणि तरी तो वाचवायला निघतो.

टॉम सॉयरचं तर विचारूच नका. जिम मोकळा झालाय हे त्याला आधीपासून ठाऊक असतं, तरी मजा म्हणून सुटकेचं नाटक, झोपडीत साप काय, उंदीर काय, कोळी काय. आपण लहानपणी ह्याच पोराचे फॅन होतो!

एक गोष्ट आठवली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून सोडवलं त्यांना अर्पण केली होती. ट्वेनने बारा वर्षांनी लिहिलं ते त्या काळातल्या बाकीच्या सदाचारी लोकांबद्दल, असं मी मानतो.

हार्पर लीच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधल्या गेट्सबाईही ह्याच पंगतीतल्या, वर्गात हिटलरच्या नावाने बोटं मोडणार आणि कोर्टाबाहेर पडताना म्हणणार की ह्या काळ्यांना कुणीतरी धडा शिकवायलाच हवा होता. ही विसंगती कळते कुणाला, तर स्काउटला, लहान पोरीला.

तेव्हा विनंती एवढीच की ह्या विषयावर पुन्हा लेख काढलात तर पाद्रीबुवांना जरा विश्रांती द्या आणि सायलसवर अर्धं पान तरी खर्च करा. फोटोची जागा कमी केलीत तरी चालेल, मागच्या वेळी तसाही तो फारच मोठा होता.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली