दुसऱ्या डोळ्याचं काय?

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुमच्या त्या बिनड्रायव्हरच्या गाडीला एवढे सेन्सर कशाला? एक चांगला असला की झालं." तेव्हा घाईत होते, म्हणून आता लिहितेय.

हे जादा सेन्सर डिकीतल्या स्टेपनीसारखे पडून नसतात. सगळे एकदमच रस्ता बघतात. कॅमेरा सिग्नलचा रंग ओळखतो, पण समोरून ऊन आलं की दिपतो. रडारला अंधार अडत नाही, समोरच्याचा वेगही लगेच कळतो; आकार मात्र धूसर. लायडार लेझरनं अंतर अचूक मोजतो आणि दाट धुक्यात चाचपडतो. म्हणून नुसते कॅमेरे वाढवून भागत नाही, एका जातीचे सगळे एकदमच आंधळे व्हायचे.

आई, खर्चाचं तू विचारशीलच. सुरुवातीला टपावर गरगरणारा एक लायडार 75,000 डॉलरच्या घरात होता! आता बराच उतरलाय. बिनड्रायव्हरच्या टॅक्सी चालवणाऱ्या वेमो कंपनीनं 2024 मध्ये जाहीर केलेल्या नव्या गाडीत कॅमेरे 29 वरून 13 वर आणले, पण 4 लायडार आणि 6 रडार ठेवलेच. टेस्लानं उलट 2021 पासून रडार काढायला घेतले. त्यांचं म्हणणं, कॅमेरा आणि रडारचं जुळलं नाही तर ऐकायचं कुणाचं? हा प्रश्न खोटा नाही. रडारला वरचा पूल अडथळा वाटला आणि गाडीनं करकचून ब्रेक मारला, तर मागचा येऊन आदळणार. मला स्वतःला तरीही भांडणारे दोन बरे वाटतात.

पण नुसतं दिसून उपयोग नसतो. 2018 मध्ये अ‍ॅरिझोनात उबरच्या चाचणीतल्या गाडीनं सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. सेन्सरना ती 5.6 सेकंद आधी दिसली होती. सॉफ्टवेअर मात्र तिला कधी गाडी, कधी सायकल ठरवत बसलं. आणि त्या गाडीत ती बनवणाऱ्या कंपनीनं दिलेली स्वयंचलित ब्रेकची सोय होती, ती स्वयंचलित चालवताना बंद ठेवलेली. राखीव असूनही कामी आलं नाही.

आता तुमचं, बाबा. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तर "एकानं दिसतंय की" म्हणून दुसरा वर्षभर लांबवलात. पायरीचा अंदाज चुकतो, हे आईनं सांगितलंय मला. पुढच्या महिन्यात मी आठ दिवस रजा काढतेय. तारीख तेवढी घेऊन ठेवा, डोळ्यांत थेंब घालायला मी आहे.

तुमची,
धाकटी