शंभरातून पंच्याहत्तर

कळवा,
रविवार, रात्री

चि. अस्मितास,
अनेक आशीर्वाद.

उद्यापासून माझी सेकंड शिफ्ट. आठवडाभर आपली गाठ पडायची नाही, म्हणून हे लिहून तुझ्या डब्याच्या पिशवीत ठेवतोय.

आज तुला न सांगता कासारवडवलीला येऊन गेलो. नव्या टॉवरच्या मागे, मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांपाशी, तू पोरांना शिकवत होतीस. एकाने पाटीवर शंभरातून पंच्याहत्तर वजा केले आणि उत्तर लिहिलं १७५. शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून त्याने पाचातून शून्य काढलं. तू फुली मारली नाहीस. विचारलंस, "पंधराचे पाच वडापाव घेतलेस, शंभराची नोट दिलीस. किती परत येतील?" "पंचवीस," पोरगा लगेच म्हणाला. मग पाटीकडे बघितलं आणि तळव्याने आपणच पुसून टाकली. तू कागदाच्या दहा-दहाच्या नोटा मांडल्यास, त्यातली एक मोडून दहा सुट्टे केलेस. हातचा असा मला कुणी दाखवला नव्हता गं. फार भरून आलं.

आता एक सांगतो, ते मनावर घे. तुझ्या आजी-आजोबांबरोबर मी ऊसतोडीला जायचो. दिवाळी झाली की टोळी बीडहून निघायची, ती उन्हाळ्यातच परत. चौथीत होतो तेव्हा आई मला हाताला धरून कारखान्याजवळच्या शाळेत घेऊन गेली. "दाखला आणा," म्हणाले. दाखला गावी, आम्ही कोल्हापूरकडे. तो सगळा हंगाम मी कोपीत, म्हणजे आमच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळत बसलो. संध्याकाळी एक कॉलेजातला मुलगा येऊन शिकवायचा, त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. पण हजेरीत नाव नव्हतं. गावी परतल्यावर मला पुन्हा चौथीतच बसवलं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दाखल्यासाठी अडवता येत नाही, वयाप्रमाणे वर्गात बसवावं लागतं, हे तूच मला वाचून दाखवलंस. तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ साली सिग्नल शाळा सुरू झाली, तिथे समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेबरोबर ठाणे महापालिका आहे. म्हणून तर सिग्नलवरची पोरं दहावीच्या परीक्षेला बसली.

तुझा रविवारचा वर्ग चालू राहू दे, पण या पोरांची नावं महापालिकेच्या शाळेत पडली पाहिजेत. त्यांच्या आयांना दिवसाची मजुरी बुडवणं परवडत नाही, तेव्हा तूच पुढे हो. इमारत उठली की ही माणसं पनवेलला नाहीतर पुण्याला जातील. त्याआधी मुख्याध्यापकांकडून प्रत्येकाचं शिक्षण हमी कार्ड मागून घे, म्हणजे पुढच्या शाळेला त्याचं कुठवर झालंय ते कळेल.

शनिवारी सकाळी शाळा भरते आणि तुला कॉलेज नसतं. मीही येतो. त्या वडापाववाल्या पोराच्या आईला आधी विचारून ठेव, पहिलं नाव त्याचंच घालू.

तुझे,
अप्पा