एमएनडीचे प्रकार ओळखायचे, तर नमुने नीट घ्या

संपादक महोदय,

मोटर न्यूरॉन डिसीज (एमएनडी) म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार. त्याचे निदान आजही मुख्यतः शारीरिक तपासणी आणि ईएमजी, म्हणजे स्नायूंतील विद्युत संकेतांची तपासणी, यांवर होते. त्यामुळे मुळात वेगळे असलेले आजार एकाच नावाखाली येतात. एएलएस या एमएनडीच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराच्या सुमारे ९७ टक्के रुग्णांच्या चेतापेशींत टीडीपी-४३ या प्रथिनाच्या गुठळ्या सापडतात. सॉड-१ जनुकात दोष असलेल्यांमध्ये सहसा सापडत नाहीत. हे रुग्ण जेमतेम २ टक्के, पण २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले टोफरसेन हे औषध फक्त त्यांच्यासाठीच आहे. म्हणून घराण्यात कोणालाही आजार नसला तरी निदान होताच जनुकचाचणी व्हायलाच हवी. त्यात एक मेख आहे. एएलएसला कारण ठरणाऱ्या सी-९-ऑर्फ-७२ या दुसऱ्या जनुकातला दोष म्हणजे डीएनएच्या सहा अक्षरांचा तुकडा शेकडो वेळा पुन्हा पुन्हा येणे. नेहमीच्या एक्झोम तपासणीत (प्रथिने घडवणाऱ्या डीएनए-भागांच्या वाचनात) तो निसटतो. अशी पुनरावृत्ती शोधणारी रिपीट-प्राइम्ड पीसीआर ही चाचणी वेगळी करून घ्यावी लागते. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तर ती झाली होती का, हे जरूर विचारा.

ज्यांच्यात असा दोष सापडत नाही, त्यांचे काय? २०१९ मध्ये एएलएस रुग्णांच्या मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूच्या १४८ नमुन्यांतील आरएनए (कोणती जनुके चालू आहेत हे दाखवणाऱ्या प्रती) तपासून तीन गट मांडले गेले: ६१ टक्क्यांत ऑक्सिडेटिव्ह ताण (घातक ऑक्सिजन-रेणूंमुळे पेशींवर येणारा ताण), १९ टक्क्यांत ग्लिया, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींची सक्रियता, २० टक्क्यांत एरवी गप्प असणारे रेट्रोट्रान्सपोझॉन (स्वतःच्या प्रती काढणारे डीएनएचे तुकडे) जागे झालेले. काम महत्त्वाचे आहे, पण हे सगळे नमुने आजाराच्या अखेरचे. चेतापेशी मेल्या की उरलेल्या ऊतीत ग्लियाचे प्रमाण आपोआप वाढते. तो वेगळा प्रकार की नुसता पुढचा टप्पा, हे पेशींचे प्रमाण हिशेबात घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

म्हणून त्याच रुग्णाचे रक्त, आणि जमल्यास पाठीतले पाणी, दर काही महिन्यांनी घेतले पाहिजे. रक्तातला द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, काही तासांतच वेगळा करावा आणि लहान लहान कुप्यांत उणे ८० अंशांवर ठेवावा, म्हणजे एकच नमुना वारंवार वितळवावा लागत नाही. रुग्ण आणि निरोगी व्यक्तींचे नमुने प्रत्येक बॅचमध्ये मिसळूनच तपासावेत. नाहीतर संगणक आजाराचे गट सोडून प्रयोगशाळेचे गट शोधून देतो, आणि तेही अगदी खात्रीने! दुसऱ्या, स्वतंत्र रुग्णसमूहात तेच गट पुन्हा दिसेपर्यंत त्यांवर उपचार ठरवू नयेत.

चेतापेशींना इजा झाली की रक्तात उतरणाऱ्या न्यूरोफिलामेंट या प्रथिनाकडूनही भलती अपेक्षा नको. आजार किती वेगाने वाढेल याचा अंदाज त्यावरून येतो, प्रकार मात्र कळत नाही. वय वाढले किंवा मूत्रपिंड नीट चालत नसले तरी ते वाढते. तरीही प्रत्येक औषधचाचणीत पहिल्या डोसाआधी ते मोजावे, जनुकांची नोंद करावी आणि नमुने जपून ठेवावेत. सरसकट सगळ्यांवर निष्फळ ठरलेले औषध एखाद्या गटाला लागू पडले होते का, हे मग पुन्हा तपासता येईल.

आपले,
चेताविकारांचे अभ्यासक